माकडहाडावरचं गळू: टाके नेमके कुठे येणार, ते आधी विचार

तुझी पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ डोळ्याला डोळा लागला नाही. माकडहाडाच्या वर, नितंबांमधली घळ सुरू होते तिथे सुपारीएवढी गाठ. बसलं की ठणका. अँटिबायोटिकने दोनदा बसली आणि दोन्ही वेळा परत आली. एक डॉक्टर म्हणतात कापून टाके घालू, दुसरे लेझर सुचवतात. परीक्षा महिन्यावर, आणि घरी आईला अजून सांगितलेलं नाही. परीक्षा सोडली तर हे सगळं माझंच आहे गं, २०१७ मधलं. तू डिचोलीची, मी फोंड्याची, आणि वयाने बरीच मोठी, म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. अकाउंट्समध्ये नोकरी करते, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. दोन ऑपरेशनं झाली, त्यातलं एक टळलं असतं, म्हणून हे लिहिते. तुझी तपासणी करणारा सर्जन वेगळं म्हणाला तर त्याचं ऐक, पण त्याला कारण विचार.

या दुखण्याला पिलोनिडल सायनस म्हणतात. ते काय असतं हे तू वाचलेलं दिसतंयस, त्यात फार शिरत नाही. फक्त तू लिहिलंयस ना, ‘मी अस्वच्छ आहे असं वाटेल म्हणून कुणाला सांगत नाही’, तेवढं डोक्यातून काढ. मलाही एका नात्यातल्या बाईने तोंडावर विचारलं होतं, रोज आंघोळ करतेस ना? सुटे केस घामेजल्या घळीत साचतात, बसण्याच्या दाबाने कातडीत टोचत आत शिरतात आणि शरीर त्यांच्याभोवती नासूर, म्हणजे कातडीखालची पू वाहणारी नळी, तयार करतं. पिलोनिडल हे नाव १८८० मध्ये हॉजेस या डॉक्टरने दिलं, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केसांचं घरटं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सुमारे ८०,००० सैनिकांना यासाठी इस्पितळात ठेवावं लागलं, खडबडीत रस्त्यांवर जीप चालवून होतं म्हणून याला जीपवाल्यांचा आजारच म्हणायचे. ते सगळे काय अस्वच्छ होते? पुरुषांत जास्त आढळतो हे खरं, पण बायकांनाही होतो. आपल्याकडे अवघड जागेचं दुखणं म्हटलं की आपण अंगावर काढतो. मी नऊ महिने काढलं.

आता तुझ्या आजच्या दुखण्याबद्दल. गाठ लाल, गरम आणि मऊ लागत असेल तर आत पू झालाय, आणि साचलेल्या पुवावर गोळ्या पुरत नाहीत, त्याला वाट करून द्यावी लागते. भूल देऊन छोटी चीर, निचरा, आणि त्याच रात्री ठणका निम्म्यावर येतो. हे काम लहान आहे, परीक्षेआधी सहज होईल. मोठं ऑपरेशन मात्र सूज असताना घाईने करू नये असं माझ्या दुसऱ्या सर्जननी सांगितलं. आधी निचरा, मग काही आठवडे थांबून बाकीचं. काहींना निचऱ्यानंतर पुढे काही करावंच लागत नाही. पोटीस लावून कुणाकडून पिळून मात्र घेऊ नकोस.

आता माझी चूक. निचरा झाला, जखम बसली, आणि महिन्याभराने एका खाजगी हॉस्पिटलात मी पुढच्या ऑपरेशनला गेले. सर्जन म्हणाले, सगळा नासूर काढून टाके घालू, दोन दिवसांत घरी, दोन आठवड्यांत कामावर. मला दोन आठवडे एवढंच ऐकू आलं. भुलीचं विचारलं, खर्चाचं विचारलं, नाश्त्याला काय खायचं तेसुद्धा विचारलं. टाक्यांची रेघ कुठे येणार, हे विचारलं नाही. ती आली बरोब्बर घळीच्या मधोमध, उभी, जिथे घाम साचतो, वारा लागत नाही आणि बसताना दोन्ही बाजूंनी कातडी ओढली जाते.

ऑपरेशन १४ ऑगस्टला झालं. त्या वर्षी चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २५ तारखेला होती. आदल्या दिवशी घरात गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधायची धांदल. मला कुणी काम सांगितलं नव्हतं, पण शेजारी पडलेली नारळांची पेंढी सरकवायला मी वाकले आणि मागे टच्चकन काहीतरी सुटलं. दुखलं नाही फारसं, फक्त पायावरून ओलं ओघळत गेलं. मोरीत जाऊन बघितलं तर परकर लालसर पाण्याने भिजलेला. आईने बॅटरीच्या उजेडात पाहिलं आणि तिचा हात थरथरायला लागला, म्हणाली, बाय, सगळे टाके उसवलेत गं. बाहेर आरतीच्या समया घासणं चाललं होतं आणि आम्ही दोघी मोरीचं दार लावून आत उभ्या.

पुढचे चौदा आठवडे ती जखम उघडी. बोटभर लांब, पेराएवढी खोल. हॉस्पिटलात परत गेले तर सर्जनऐवजी ज्युनियरने पाहिलं, म्हणाले असं होतं कधी कधी, रोज ड्रेसिंग करा. कसं करायचं ते कुणी दाखवलं नाही. गावातल्या एका ड्रेसरने पहिले तीन आठवडे गॉज अक्षरशः ठासून भरला, दुसऱ्या दिवशी तो ओढताना मी उशी चावायची. आजूबाजूचे केस काढायचे असतात हे डिस्चार्जच्या कागदावर एका अक्षराने नव्हतं. नोव्हेंबरात जखम वरून बुजली, घरात गोड केलं, आणि फेब्रुवारीत त्याच जागी पुन्हा ठणका. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

मग बांबोळीला गेले, गोवा मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या कागदावर पेनने चित्र काढून दाखवलं: ही घळ, हा तुझा व्रण, आणि हा आपण नेणार तो बाजूला. बाजूची कातडी आणि चरबी सरकवून फ्लॅप घालायचा, म्हणजे घळ उथळ होते आणि टाके मधल्या रेघेवर येत नाहीत. कॅरिडाकिस नावाच्या ग्रीक सैन्यातल्या सर्जनने हा विचार १९७३ मध्ये मांडला, केस बाहेरून आत घुसतात आणि मधला खोल व्रणच त्यांना वाट देतो, म्हणून व्रण मधून हलवायचा. लिंबर्ग फ्लॅप, बॅस्कम यांची क्लेफ्ट लिफ्ट, अशी जी ऑपरेशनं आहेत त्या सगळ्यांच्या मुळाशी तीच गोष्ट. अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही मधोमध टाके घातलेल्यांची जखम उशिरा भरते आणि दुखणं जास्त वेळा उलटतं, असंच निघालं. माझा लिंबर्ग झाला. पाच दिवस ड्रेनची नळी, टाके पंधराव्या दिवशी काढले, तळहाताएवढा भाग अजून बधिर आहे, व्रण तिरका आणि ठळक आहे. पण त्यानंतर एकदाही पू नाही.

म्हणून तुझ्या पहिल्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचार: टाके घळीत येणार की बाजूला? ‘मधे’ म्हणाले तर, माझं मत विचारशील तर, दुसरीकडे दाखव. कुणाला उद्धट वाटेल म्हणून गप्प बसू नकोस. मी गप्प बसले होते.

लेझरबद्दल माझं मत मिश्र आहे. जखम लहान, दुखणं कमी, आठवड्याभरात कॉलेज, हे खरं. छोट्या, एक-दोन छिद्रांच्या नासुराला तो किंवा नुसती छिद्रं खरवडून काढणं पुरतं, आणि अशा वेळी फ्लॅपसारखी मोठी शस्त्रक्रिया करणंही मला पटत नाही. पण फांद्या फुटलेल्या, जुन्या नासुरावर लेझर म्हणजे हमखास इलाज अशा जाहिराती बघते तेव्हा राग येतो, कारण उलटलं की खर्च दुप्पट होतो. तुझ्या नासुराला फांद्या किती, हे आधी नीट बघून घ्यायला सांग. आयुर्वेदात क्षारसूत्र आहे, म्हणजे औषध लावलेला दोरा नासुरात घालून ठेवतात. माझ्या एका सहकाऱ्याला त्याने गुण आला, दर आठवड्याला दोरा बदलायला जावं लागायचं. त्या बाजूला जायचं असेल तर शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय किंवा धारगळची आयुर्वेद संस्था इथे शल्य विभागात विचार, रस्त्यावरच्या ‘मूळव्याध-भगंदर’ पाटीवाल्याकडे नको. हे दुखणं भगंदर नव्हे, तरी तिथे तेच समजून हात घालतात.

जखम उघडी ठेवायची वेळ आलीच तर ड्रेसिंग नीट शीक. आईला दवाखान्यात सोबत ने आणि नर्सला तिच्यासमोर एकदा करायला लाव. गॉज सलाइनने ओलं करून जखमेच्या तळापर्यंत हलकेच सोडायचं, ठासायचं नाही. जखम तळातून वर भरत आली पाहिजे, वरची कातडी आधी जुळली तर खाली पोकळी राहते. आमच्याकडे आई मोबाईलची बॅटरी दातांत धरून करायची, नंतर भावाने डोक्याला बांधायची टॉर्च आणली तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे झाले. छोटी गोष्ट, पण तुला उपयोगी पडेल. कडेचे केस आठवड्याला काढत राहायचे. जखम पूर्ण भरल्यावर मी लेझरने केस काढून घेतले, सहा बैठका लागल्या, आणि तो पैसा मला सगळ्यात सार्थकी लागलेला वाटतो. वर्षानुवर्षं रेझर फिरवणं मला सुचवावंसं वाटत नाही, खुंट पुन्हा टोचतात.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जर्मनीतल्या सर्जनांनी नासुरातून निघालेले केस तपासले तेव्हा त्यातले बरेच डोक्यावरचे, कापलेल्या टोकांचे निघाले. म्हणजे केस कापून आलीस की लगेच डोक्यावरून आंघोळ, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. पावसाळ्यात भिजल्या कपड्यांवर स्कूटर चालवत जाऊ नकोस, जास्तीचा जोड डिकीत ठेव. डिचोली ते पणजी तासभर खड्ड्यांतून स्कूटर हाणण्यापेक्षा निदान हे दोन महिने कदंबाच्या बसने जा, उभं राहावं लागलं तरी.

पैशांचं. तू खाजगी विम्याचं लिहिलंयस. बऱ्याच पॉलिसींत या दुखण्याला पहिली दोन वर्षं संरक्षण नसतं, आधी वाच. माझ्या बाबतीत मी ‘दोनदा झालं’ म्हणाले, केसपेपरवर कुणीतरी ‘दोन वर्षांपासून’ लिहिलं, आणि ६२,००० रुपयांचा दावा जुना आजार म्हणून फेटाळला. ती ओळ दुरुस्त करून घ्यायला उघड्या जखमेनिशी मी त्या काउंटरवर किती खेपा घातल्या ते आठवलं की आजही डोळ्यांत पाणी येतं. साहेब नाहीत, उद्या या, मेल करा. चार महिने. शेवटी नाद सोडला. खोटं काही सांगू नकोस, पण लिहिलेला कागद सही करण्याआधी शब्द न् शब्द वाच. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घरी असेल तर ते काढून ठेव. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाखांपर्यंत आहे. तुझं ऑपरेशन त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी विचारून घे.

आईला आज सांग. माझी आई आधी चिडली, मला का नाही सांगितलंस म्हणून, आणि मग चौदा आठवडे रोज सकाळी सहाला सलाइनची बाटली कोमट पाण्यात ठेवून माझी वाट बघत बसायची. सोमवारी ओपीडीला जाताना तिला घेऊन जा, सकाळी लवकर, आधीचे सगळे कागद आणि गोळ्यांची पाकिटं बरोबर. स्त्री डॉक्टरने तपासावं असं वाटत असेल तर केसपेपर काढतानाच सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि मधेच थंडी वाजून ताप आला किंवा लाली पसरायला लागली, तर सोमवार उजाडायची वाट बघू नकोस, रात्र असली तरी इमर्जन्सीला जा.