ग्लूमहेवन: ‘ब्लॅक बॅरो’त सारखी हार होत असेल तर

तुम्ही चौघं ग्लूमहेवन या बोर्डगेमचा पहिलाच सिनॅरिओ (मोहीम), ‘ब्लॅक बॅरो’, पुन्हा पुन्हा हरताय आणि काही नियम चुकतोय का असं विचारलंय. वर्णनावरून चुकतोय, आणि बहुतेक मॉन्स्टरच्या चालीत. तुम्ही लिहिलंय की गार्ड जातीचे मॉन्स्टर दरवेळी स्पेलवीव्हर या तुमच्या हिरोच्या मागे लागतात, कारण ‘ती सर्वांत नाजूक आहे’. मॉन्स्टर असा विचार करत नाही. जिच्यावर हल्ला करायला त्याला कमीत कमी चालावं लागेल, ती व्यक्ती त्याचं लक्ष्य. तिथे बरोबरी झाली तर जागेवरून सर्वांत जवळची, तीही बरोबरी असेल तर इनिशिएटिव्हमध्ये (फेरीत कोण कधी खेळणार ते ठरवणारा आकडा) आधी येणारी. कोणाचं हेल्थ किती उरलंय याचा कुठेही संबंध नाही. शिवाय मॉन्स्टरला आपल्या हिरोंमधून आरपार जाता येत नाही. ब्रूट हा हिरो दारात उभा राहिला आणि दुसरी वाट नसेल, तर गार्ड त्याच्यावरच येणार. बाण मारणाऱ्यांना मात्र मागची माणसंही दिसतात, तिथे अंतर मोजूनच ठरवा.

मॉन्स्टरच्या त्या फेरीच्या कार्डावर ‘मूव्ह’ (चाल) नसेल तर तो मॉन्स्टर हलतच नाही, समोर कोणी पोहोचण्यासारखं असलं तरी. गार्डचं 15 इनिशिएटिव्हचं कार्ड बघा: शील्ड (मार कमी लागतो) आणि रिटॅलिएट (मारणाऱ्यालाच उलटा मार), बस. चाल नाही, हल्ला नाही. अशा फेरीत त्याला जवळून मारायला जाऊ नका, आपल्यालाच लागतं. उलट मूव्ह आहे पण अटॅक नाही, तर तो जवळून हल्ला करणार असल्यासारखा लक्ष्याकडे सरकतो.

दार उघडल्यावरचा गोंधळ सर्वांत महागात पडतो. नव्या खोलीतले मॉन्स्टर त्याच फेरीत खेळतात, पण सगळे लगेच नाही. त्यांचा इनिशिएटिव्ह दार उघडणाऱ्याच्या आधीचा असेल तर ते त्याचा टर्न संपताच खेळतात, नंतरचा असेल तर आपली पाळी येईपर्यंत थांबतात. आधीच्या खोलीत त्याच जातीचे मॉन्स्टर असतील तर नवीन कार्ड काढायचं नाही, उघडलेलंच लागू. आणि नकाशावरची खूण नीट वाचा: किती खेळाडूंना कोणता मॉन्स्टर येतो ते रंगावर ठरतं. काळा म्हणजे नाही, पांढरा म्हणजे साधा, पिवळा म्हणजे एलिट (जास्त ताकदवान).

बाकी दोन गोष्टी. मार बसला की हातातलं एक किंवा डिस्कार्डमधली (वापरून बाजूला ठेवलेली) दोन कार्डं गमावून त्या फटक्याचं सगळं नुकसान टाळता येतं, आणि हे मॉडिफायर कार्ड (हल्ल्याचा आकडा कमी-जास्त करणारं) उघडल्यावर, आकडा कळल्यावर ठरवायचं. आधीच घाबरून कार्ड फेकायची गरज नाही. लिव्हिंग बोन्स हे मॉन्स्टर एका वेळी दोघांना मारतात तेव्हा दोघांसाठी वेगवेगळं मॉडिफायर काढा. एलिमेंट (आग, बर्फ अशी शक्ती) टर्नच्या शेवटी तयार होतं, त्यामुळे स्वतः बनवलेलं त्याच टर्नमध्ये वापरता येत नाही.

सिनॅरिओची पातळी म्हणजे सर्वांच्या लेव्हलची सरासरी, निम्मी करून, अपूर्णांक वरच्या पूर्णांकात. पहिल्या लेव्हलच्या चौघांसाठी ती 1 येते. एवढं सुधारूनही जड जात असेल तर नियमपुस्तकच एक पातळी खाली उतरायची मुभा देतं. 0 वर मॉन्स्टर हलके होतात, सापळ्याचं नुकसान 3 ऐवजी 2 होतं, जिंकल्यावरचा बोनस 6 ऐवजी 4 एक्सपी (अनुभवाचे गुण). हे सगळं पहिल्या आवृत्तीचं, दुसरीत काही गोष्टी बदलल्या आहेत. तुमच्याकडे कोणती आहे ते सांगा, म्हणजे पुढचं त्यानुसार बोलता येईल.