आधी मालिकेचे हक्क कुणाकडे आहेत ते शोधा, ॲप नंतर

आईला ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ आणि दूरदर्शनवरची जुनी ‘वागले की दुनिया’ पुन्हा दाखवायची आहे, पण टेलिग्रामवरून उतरवलेली नको, असं तुम्ही लिहिलंय. हे वाचून खरंच बरं वाटलं.

मी स्वतः अशा मालिका शोधताना बरेच महिने चुकीच्या दिशेने गेलो. एकेक ॲप उघडायचं, नाव टाकायचं, नाही म्हटल्यावर पुढचं. मग लक्षात आलं की मालिका कोणत्या वाहिनीवर लागायची आणि ती वाहिनी आज कुणाची, एवढं कळलं की अर्धं काम होतं. ‘टिपरे’ २००१ मध्ये अल्फा मराठीवर सुरू झाली. तीच वाहिनी २००५ मध्ये झी मराठी झाली. म्हणजे पहिला शोध झीच्याच झी५ या ॲपवर घ्यायचा. रोमन लिपीत ‘टिपरे’ दोनतीन तऱ्हांनी लिहितात, त्यामुळे एकदा नाही सापडलं तर मुख्य कलाकार दिलीप प्रभावळकर किंवा दिग्दर्शक केदार शिंदे या नावांनीही बघा.

‘वागले’ची गोष्ट जरा अवघड आहे. शोधलीत की बहुतेक वेळा सोनी सबवर २०२१ पासून लागलेली नवी मालिका समोर येते. तिच्यातही अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर आहेत, त्यामुळे चित्र बघून फसायला होतं. तुम्हाला हवी ती १९८८ ची, आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेवरची, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली.

त्या काळी दूरदर्शनवर ढोबळमानाने दोन प्रकारच्या मालिका असत. काही दूरदर्शन स्वतः पैसे देऊन करून घेई, त्यांचे हक्क सहसा दूरदर्शनकडे. काही निर्माते प्रायोजक गाठून करत, त्यांचे हक्क बहुधा निर्मात्याकडे, किंवा त्याने पुढे ज्याला विकले त्याच्याकडे. म्हणून श्रेयनामावलीत निर्माता कोण ते आधी वाचा. निर्मिती दूरदर्शनची असेल तर प्रसार भारतीचं, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेचं, ‘वेव्ज’ ॲप (नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं) आणि त्यांच्या संग्रहाचं यूट्यूब चॅनेल बघायचं. नसेल तर त्या निर्मितीसंस्थेचं अधिकृत चॅनेल.

यूट्यूबवर मात्र डोळे उघडे ठेवा. चित्र आरशातल्यासारखं उलटं, भोवती जाड चौकट, आवाज किंचित पातळ, मध्येच संगीत गायब: ही चोरून चढवलेल्या भागाची लक्षणं. हे सगळं यूट्यूबच्या आपोआप होणाऱ्या तपासणीतून निसटण्यासाठी करतात. खऱ्या चॅनेलवर भाग क्रमाने असतात आणि माहितीत संस्थेचं नाव असतं.

‘पंचवीस वर्षं झाली, आता मालिका सगळ्यांची’ असंही कुणी सांगेल. ते चूक आहे. आपल्या कायद्यात प्रसारणाचा वेगळा हक्क २५ वर्षांचा आहे, पण चित्रित कलाकृतीचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. १९८८ च्या भागांचा हिशेब २०४८ अखेरपर्यंत जातो.

डीव्हीडी घ्यायचा विचार असेल तर निर्मात्याचं नाव छापलेलं आहे का ते बघूनच घ्या. मी एकदा घाईत मागवलेला संच बनावट निघाला, झेरॉक्स केलेलं मुखपृष्ठ आणि निम्मे भाग नाहीत. तो विक्रेता पुन्हा सापडलाच नाही. फार वाईट वाटलं होतं, कारण तो वडिलांसाठी घेतला होता.

आई परदेशात असेल तर तेही तपासा. हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे त्याच ॲपवर इथली यादी वेगळी आणि तिथली वेगळी.

शेवटचं, पैसे भरण्याआधी भाग मोजा. पुष्कळदा फक्त निवडक भाग ठेवलेले असतात. आणि करार संपला की मालिका न सांगता काढली जाते, म्हणून सुरुवातीला एका महिन्याचीच वर्गणी घ्या आणि आईला रोज दोन भाग लावून द्या.