बेरीज कधी चालते, कधी नाही

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे, नुसती आकडेमोड पटापट करते पण शाब्दिक उदाहरण आलं की अडते. परवाचं उदाहरण असं: मुलगे आणि मुलींचं गुणोत्तर ३:२, मुलग्यांपैकी १/३ आणि मुलींपैकी १/४ सहलीला गेले, गेलेले सगळे मिळून १८, तर एकूण किती? तिने १/३ आणि १/४ची बेरीज करून ७/१२ काढले आणि उत्तर काही पूर्ण संख्येत येईना. क्ष न धरता कसं समजावू? — एक आई, सांगली

उत्तर: ताई, बेरीज तिने बरोबर केलीये, फक्त इथे ती करायचीच नव्हती, कारण १/३ हा मुलग्यांचा आहे आणि १/४ मुलींचा, दोन वेगळ्या गटांचे हिस्से. म्हणून प्रत्येक अपूर्णांक दिसला की तिला आधी विचारा, "कशाचा?" आणि ते उत्तर वहीत त्याच्या शेजारी लिहायला लावा.

आता ३:२ ऐवजी ६:४ घ्या, गुणोत्तर तेच राहतं पण ६चा तिसरा हिस्सा आणि ४चा पाव हिस्सा दोन्ही पूर्ण निघतात. मुलग्यांचे २ भाग गेले, मुलींचा १, म्हणजे ३ भाग म्हणजे १८, एक भाग ६चा, एकूण भाग १०, म्हणून ६०. ताळा पण करून घ्या, ३६ मुलग्यांतले १२ आणि २४ मुलींतल्या ६, झाले १८.

मग बेरीज चालते कुठे? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) कमळांचं एक सुंदर उदाहरण आहे: कमळांच्या राशीतला १/३ शंकराला, १/५ विष्णूला, १/६ सूर्याला, १/४ देवीला, उरलेली ६ गुरूंच्या पायाशी. इथे सगळे हिस्से एकाच राशीचे, म्हणून खुशाल बेरीज करा. भास्कराचार्य तर सोयीची संख्या धरूनच सोडवतात, ६० धरली तर २०, १२, १० आणि १५ मिळून ५७ जातात, ३ उरतात, आपल्याला हवीत ६, म्हणजे दुप्पट, १२०. क्ष नको असेल तर ही रीत तिला नक्की शिकवा, मला स्वतःला ती फार आवडते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो "उरलेल्यांपैकी" या शब्दाशी, कारण तिथे गट मधेच बदलतो आणि मुलं ते वाचतच नाहीत. तिला हे देऊन बघा: डब्यातले निम्मे लाडू पाहुण्यांना दिले, उरलेल्यांपैकी १/३ शेजारी दिले, ८ राहिले, आधी किती होते? उत्तर २४. तिने ४८ सांगितलं तर समजा की परत १/२ आणि १/३ची बेरीज झालीये, आणि ४८ पूर्ण संख्या असल्यामुळे तिला या वेळी शंकासुद्धा येणार नाही, म्हणून ताळा करायला लावाच.