पाकिटामागे 19 रुपये

नागपूरच्या गोळीबार चौकातल्या एका ताईंचं पत्र आलंय. घरी कुटलेला सावजी मसाला ऑनलाइन विकायचा आहे. बचतीचे 8,000 हाताशी आहेत, पुढच्या महिन्यात भिशीचे 30,000 मिळतील. वेबसाइटवाला 15,000 मागतो. छापील पाकिटं 2,000 नगांच्या खाली मिळत नाहीत, त्याचे 11,000. कच्च्या मालासाठी बांगड्या गहाण ठेवू का, असं विचारलंय. यजमान कंत्राटी नोकरीत आहेत, जूनमध्ये मुलाची फी.

ताई, आधी भिशीचं बोलू. दहा जणींची, 3,000 ची भिशी आणि तुमचा नंबर चौथा. म्हणजे 30,000 पैकी तुमचे स्वतःचे 12,000. बाकीचे 18,000 पुढच्या सहा हप्त्यांत परत भरायचे आहेत. ते बिनव्याजी कर्जच झालं ना! मसाला विकला न विकला, हप्ता चुकणार नाही. ते 18,000 आल्या दिवशी वेगळ्या खात्यात टाका. 12,000 फीसाठी राहू द्या. धंद्याला उरले फक्त बचतीचे 8,000.

तेवढ्यात होतं का? तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून मी हिशेब मांडला. 200 ग्रॅमचं पाकीट 180 ला. मसाला 70, साधं पाऊच आणि स्टिकर 9, खोका-टेप 12, पुण्यापर्यंत कुरियर 70. झाले 161. हातात 19 रुपये. आता एखाद्याने कॅश ऑन डिलिव्हरी मागवलं आणि दारात नको म्हणाला, तर जाण्या-येण्याचं कुरियर आणि खोका धरून 152 गेले. आठ पाकिटांची कमाई एका माणसाने खाल्ली. वेबसाइट कितीही देखणी असली तरी हे गणित बदलत नाही.

म्हणून एकेक पाकीट विकूच नका. तीनचा संच 540 ला ठेवा. मसाला 210, पाऊच 27, खोका 16, कुरियर 105 धरलं तर 358 जातात, 182 उरतात. आणि पैसे आधी, यूपीआयवर. ओळखीचा म्हणेल, “पोहोचल्यावर देतो.” त्याला हसून नाही म्हणा.

खोकाही मापाचा घ्या. बरेच कुरियरवाले लांबी, रुंदी, उंचीचा सेंटीमीटरमधला गुणाकार करून 5,000 ने भागतात आणि जे वजन जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. 30×20×15 चा खोका आत हवा असली तरी 1.8 किलोचा ठरतो. 20×15×8 चा अर्ध्या किलोच्याही खाली राहतो, मग खऱ्या वजनाचेच पैसे.

वेबसाइट सध्या नको. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग फुकट आहे, तीस गिऱ्हाइकांना पुरून उरतो. छापील पाकिटं तर मुळीच नको. मी धंतोलीत ऑफिस थाटलं तेव्हा स्वस्त पडतात म्हणून 2,000 व्हिजिटिंग कार्डं छापली आणि सहा महिन्यांत फोन नंबर बदलला. अजून त्यांच्या मागे किराण्याची यादी लिहितोय.

कागदपत्रांचं थोडक्यात. एफएसएसएआय म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी घरगुती मसाल्यालाही लागते. त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतः भरता येते, एजंट कशाला? 14 आकडी नंबर स्टिकरवर हवा. वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि पत्ताही. महाराष्ट्रात स्वतः थेट विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत मालाला जीएसटी नोंदणी लागत नाही, पण राज्याबाहेर, म्हणजे हैदराबादच्या नणंदेच्या शेजारणीला एक संच विकला तरी लागते. तूर्त नागपूर, पुणे, मुंबई बस झालं. स्टिकरवर “भिवापुरी मिरची” लिहायचा मोह होईल. त्या नावाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. मिरची खरंच तिथली नसेल तर लिहू नका, असेल तरी आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी बघा.

बांगड्या कपाटातच राहू द्या. पुढे भांडवल लागलंच तर सरकारच्या मुद्रा योजनेचं शिशू कर्ज 50,000 पर्यंत बिनतारण मिळतं, पण तेही आत्ता नको. आधी फक्त तीस संच करा, म्हणजे 90 पाकिटं. मसाला 6,300, पाऊच 810, खोके 480, एकूण 7,590. कुरियर गिऱ्हाइकाच्या आगाऊ पैशातून. तेही एकदम कुटू नका, दहा-दहा संचांचं करा, मसाल्याचा वास उडतो.

तीसपैकी निदान वीस संच नातेवाईक आणि मैत्रिणी सोडून परक्यांना जाऊ द्या. मावशी तर कौतुकाने घेईलच. वहीत नाव, गाव, तारीख लिहा आणि तीस संपले की पाठवा. दुसऱ्यांदा मागवणारे परके किती, ते मी आधी बघेन. वेबसाइटचं त्यानंतर बोलू.