मन्याची शुगर सकाळी ४१०, संध्याकाळी ५८, डोस वाढवायचा का कमी करायचा?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आमचा बोका मन्या ११ वर्षांचा आहे, ऑपरेशन झालेला, वजन साडेसहा किलो. लई पाणी प्यायला लागला, सारखी लघवी, म्हणून दाखवलं तर डायबेटिस निघाला. ग्लार्जिन इन्सुलिन १ युनिट सकाळ-संध्याकाळ सांगितलंय. घरात मामंजींना पण शुगर आहे, त्यांचं इन्सुलिन बाटलीतलं आहे, त्यांचंच मशीन आणि त्यांच्याच डब्यातल्या सिरिंज मन्याला वापरतो. पण आकडा काही एका जागी थांबेना, परवा सकाळी ४१०, संध्याकाळी ५८, काल परत ३९०. जास्त आलं की आमचे हे थोडं जास्त भरतात, कमी आलं की मी भीतीनं देतच नाही. खाणं म्हणजे कोरडं कॅट फूड वाटीत कायम असतं, सासूबाई दूध-चपाती घालतात, रविवारी पांढऱ्या रश्श्यातली हाडं. काय चुकतंय? — एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, बाकी सगळं राहू द्या, आधी उठून ती सिरिंज बघा. टोपण लाल असेल आणि त्यावर ४० लिहिलेलं असेल तर मन्याला ती आजपासून बंद. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बऱ्याचदा ४० चं असतं, म्हणजे १ मिलीत ४० युनिट, आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. ग्लार्जिन बहुतेक वेळा १०० चं असतं, त्याला नारिंगी टोपणाची १०० ची सिरिंज लागते. ४० च्या सिरिंजमध्ये ग्लार्जिन १ युनिटच्या रेघेपर्यंत भरलं की अंगात १ नाही, अडीच युनिट जातं! साडेसहा किलोच्या जिवाला हा फरक लई मोठा आहे, आणि तुमचा ५८ आकडा वाचून मला पहिली शंका हीच आली. सिरिंज चुकीची निघाली तर पुढचं इंजेक्शन द्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करून हे सांगा, कारण इतके दिवस नक्की किती जात होतं ते त्यांना कळायला पाहिजे. मेडिकलमध्ये अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली ०.३ मिलीची १०० ची सिरिंज मागा, नसली तर मागवून घ्या, मांजरासाठी तीच बरी पडते.

सिरिंज बरोबर असली तरी दुसरी गोष्ट आहेच. ग्लार्जिन आज वाढवलं की आजच त्याचा पूर्ण परिणाम दिसत नाही, एका डोसवर शरीर बसायला पाच-सात दिवस लागतात, आणि तुम्ही सकाळी वाढवताय, संध्याकाळी गाळताय, मग आकडा थांबणार कसा? शिवाय शुगर फार खाली गेली की शरीर लिव्हरमधली साखर रक्तात सोडतं आणि पुढच्या काही तासांत आकडा वर दिसू शकतो, प्रत्येक मांजरात होतंच असं नाही, पण झालं तर माणूस घाबरून अजून वाढवतो आणि बोका अजून खाली जातो. म्हणून एकट्या ४१० कडे बघून डोस वाढवायचा नाही, हे यांना माझ्याकडून सांगा. ४०० नं मन्याला एका रात्रीत काही होत नाही, तो नीट खातोय-पितोय तोवर. ४० नं होतं.

मग बघायचं काय, तर दोन इंजेक्शनच्या मधला सगळ्यात खालचा आकडा. सुट्टीच्या दिवशी सकाळी इंजेक्शनच्या आधी एकदा आणि मग दर दोन तासांनी संध्याकाळच्या इंजेक्शनपर्यंत मोजा, वेळ आणि आकडा वहीत लिहा. खालचा आकडा साधारण ८० ते १५० मध्ये येतोय का, त्यावरनं डॉक्टर डोस ठरवतील. रक्त कानाच्या कडेनं घ्यायचं, आधी कोमट पाण्यात भिजवून पिळलेला कपडा कानाला धरा, मागं कापूस लावा म्हणजे तुमचं बोट टोचणार नाही, कडेला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवला तर थेंब पसरत नाही. टोचून झालं की प्रत्येक वेळी आवडीचा उकडलेला चिकनचा तुकडा द्या, थोड्या दिवसांत तो स्वतःहून येऊन बसेल, बरीच मांजरं बसतात. मामंजींचं मशीन चालेल, पण माणसाचं मशीन मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दाखवतं, त्यामुळे मध्येच मशीन बदलू नका. आणि दवाखान्यात आलेल्या आकड्यावर फार जाऊ नका, रिक्षा, हॉर्न, शेजारी भुंकणारं कुत्रं, नुसत्या भीतीनं मांजराची शुगर ३०० च्या वर जाऊ शकते.

आकडा ६० च्या खाली आला आणि मन्या शुद्धीत असला तर लगेच खायला द्या आणि पुढचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. पाय लटपटतायत, लाळ गळतेय, भिंतीला धडकतोय, झटका आला तर मध किंवा ग्लुकोजचं पाणी बोटानं हिरड्यांना चोळा, तोंडात ओतू नका, श्वासनलिकेत जाईल, आणि तसाच दवाखान्यात न्या. जरा बरा वाटला तरी न्या, ग्लार्जिन तासन्‌तास काम करत राहतं, परत खाली जाईल.

एकत्र घरात अजून एक घोळ हमखास होतो, इंजेक्शन मी दिलं का तुम्ही दिलं. फ्रिजवर कॅलेंडर लावा, देणाऱ्यानं तिथंच सही करायची. शंका आली तर तो डोस सोडून द्या, एक चुकला तर चालतं, दोनदा गेला तर जिवावर येतं.

आता खाणं. दूध-चपाती बंद, सासूबाईंना वाईट वाटेल पण मन्यासाठी ती साखरच आहे. कोरड्या खाण्यात पण पिठूळ भाग बराच असतो. डायबेटिसच्या मांजराला मांस जास्त, पीठ अगदी कमी असं ओलं डबाबंद खाणं बरं. नुसतं घरचं चिकन रोज पुरत नाही, त्यात कॅल्शियम आणि इतर गोष्टी कमी पडतात. पण हा बदल एका दिवसात करू नका! पीठ कमी झालं की इन्सुलिनची गरज पटकन उतरते आणि जुनाच डोस जास्त होतो, म्हणून डॉक्टरांना सांगून, हळूहळू, त्या दिवसांत जास्त वेळा मोजत. वजन उतरायला हवं खरं, पण उपाशी ठेवून नाही, जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर लिव्हर खराब होतं. आणि पांढरा रस्सा अजिबात नाही, त्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो. मटण शिजवताना मसाला पडायच्या आधी बिनहाडाचा तुकडा बाजूला काढा.

एवढं करून महिन्यात आकडे बसले नाहीत तर दात, हिरड्या, लघवीचं इन्फेक्शन तपासून घ्या, आणि खाजेसाठी कधी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलंय का ते आठवा, त्यानं शुगर चढते. इन्सुलिन फ्रिजच्या दारात ठेवा, फ्रीझरला चिकटून नको, गोठलं की टाकून द्यायचं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात लाईट गेलेली तुम्हाला आठवत असेल, तसं झालं तर उघडलेलं ग्लार्जिन ३० डिग्रीच्या आत २८ दिवस राहतं, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात पिशवीत घालून ठेवा, बर्फावर थेट नको. हे सगळं जमलं आणि लवकर शुगर ताब्यात आली तर काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा, मन्याच्या बाबतीत ती आशा धरायला हरकत नाही.

प्रश्न : इंजेक्शन टोचवत नाही, मांजराला कारल्याचा रस किंवा माणसाची शुगरची गोळी चालेल का? — एक वाचक, कागल

उत्तर : दोन्ही नको. मेटफॉर्मिन मांजरात नीट काम करत नाही, आणि काही नव्या गोळ्यांनी आकडा चांगला दिसत असतानाच रक्तात आम्ल वाढून मांजर दगावू शकतं. सुई अगदी बारीक असते, मानेमागची किंवा कुशीची कातडी उचलून खाताना दिली तर बऱ्याचदा कळतही नाही, दवाखान्यात समोर बसून एकदा करून घ्या. मांजर उलट्या करतंय, खात नाही, मलूल पडलंय असं दिसलं तर मात्र उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या आणि लघवीतले किटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासायला सांगा.