लष्कर कुठवर आणि सारंग कुठला

प्रश्न वास्कोहून आला आहे. चवथीच्या कार्यक्रमात एका ताईंनी सोसायटीतल्या निवृत्त नौदल अधिकाऱ्यांची ओळख 'हे आमचे लष्करातले काका' अशी करून दिली. काका उठून म्हणाले, "मी लष्करात एक दिवसही नव्हतो, नेव्हीत होतो." मागच्या रांगेत बसलेले निवृत्त सुभेदार मोठ्याने हसले, आणि आरती राहिली बाजूला, अर्धा तास एकमेकांची उणीदुणी निघत राहिली. ताई विचारतात, लष्कर या शब्दात नौदल येतं की नाही? चूक कोणाची?

चूक तुमची, ताई. लष्कर म्हणजे भूदल. लष्करप्रमुख हा एकट्या भूदलाचा प्रमुख असतो. नौदलप्रमुख वेगळा, हवाई दलप्रमुख वेगळा. शब्द विशेषण झाला की मात्र पसरतो. लष्करी राजवट किंवा लष्करी कारवाई म्हटलं की तिन्ही दलं त्यात आली. तिघांना मिळून नाव हवं असेल तर सैन्यदलं म्हणा, संरक्षण दलं म्हणा. एवढं साधं आहे. तरी 'लष्कराची युद्धनौका मुरगाव बंदरात' असं छापलेलं मी नेमाने वाचतो आणि नेमाने संतापतो. दाबोळीला 'लष्कराचा विमानतळ' म्हणणारी माणसं तर इथेच जन्मलेली आहेत! तिथे आयएनएस हंसा आहे, तो नौदलाचा तळ आहे, आणि तो काल आलेला नाही.

मी चिखलीत राहतो. आमच्या सलूनमध्ये एका खुर्चीवर नौदलाचा माणूस आणि शेजारच्या खुर्चीवर पायदळातून आलेला असला की न्हाव्याचा रेडिओ बंद ठेवला तरी चालतो. पायदळवाला म्हणतो, "तुमचा गणवेश संध्याकाळीही पांढराच, म्हणजे दिवसभर केलंत काय?" नौदलवाला म्हणतो, "तुमचा कपडा शिवतानाच मातीच्या रंगाचा शिवतात, धुवायची कटकट नको म्हणून." मग दोघांचं एकमत होतं ते हवाई दलावर: "लढाई करून रात्री घरी जेवायला जाणारी माणसं ती."

१९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की याला जास्त धार येते. १९६१ साली पणजीत पाय कोणी ठेवला, तर भूदलाने. मुरगावला 'अफोन्सो द अल्बुकर्क' ही पोर्तुगीज युद्धनौका कोणी गप्प केली, तर 'बेतवा' आणि 'बियास' यांनी. दाबोळीची धावपट्टी फोडली हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी, आणि पुढे ती मिळाली नौदलाला, ही हवाई दलाची कायमची तक्रार. भूदलाच्या ५० पॅरा ब्रिगेडला तर अजून चिडवतात की नावात पॅराशूट असून गोव्यात आलात जमिनीवरून. पण त्या ब्रिगेडकडे उत्तरेची दुय्यम बाजू दिलेली असताना पणजीला आधी तीच पोचली, हेही चिडवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

आता ज्या शब्दासाठी मी लेखणी उचलली तिकडे येतो. तटरक्षक दलाच्या असैनिक पदांची भरती निघते तेव्हा जाहिरातीत एक पद असतं, 'सारंग लस्कर'. परवा एका मुलाने ते कात्रण माझ्यासमोर धरलं. शेजारी पेन्सिलीने त्याच्या शिकवणीवाल्याने अर्थ लिहून दिला होता, 'सारंग हे नाव, लस्कर हे आडनाव'. मी ते कात्रण ठेवून घेतलं आहे.

लस्कर म्हणजे आपलं लष्करच. मूळ फारसी 'लश्कर', म्हणजे फौज आणि फौजेचा तळही. पुण्याच्या कॅम्पाला जुनी माणसं लष्कर म्हणतात आणि दौलतराव शिंद्यांच्या छावणीमुळे ग्वाल्हेरच्या एका भागाचं नाव लष्कर पडलं, ते या दुसऱ्या अर्थाने. काही पंडित हा शब्द अरबी 'अल्-अस्कर'पासून काढतात. उलटं आहे. अरबांनी फारसी शब्द घेतला, आरंभीचा 'ल' आपल्या 'अल्' या उपपदाचा समजून सोडून दिला आणि उरलं ते 'अस्कर'. अलेक्झांडरचा इस्कंदर याच रीतीने झाला. यूल आणि बर्नेल या ब्रिटिश कोशकारांनी १८८६ साली आपल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात अस्करचा उगम लश्करात आहे असं सुचवून ठेवलं आहे, तरी आपल्याकडे 'अल्-अस्कर' उगाळणं थांबत नाही.

फौजेतला माणूस तो लश्करी. पोर्तुगीज इथे आले, त्यांनी एतद्देशीय शिपायाला 'लास्करीम' केलं. त्यांच्या तोंडी तो शिपाईच राहिला. इंग्रजांनी त्यावरून 'लास्कर' केला. तोफखान्यातला हलका गडी लास्कर, तंबू ठोकणारा लास्कर, आणि शेवटी कंपनीच्या जहाजावरचा हिंदी खलाशी लास्कर. तोच अर्थ जगभर टिकला. म्हणजे ज्या शब्दाने काकांना राग आला, तोच शब्द शे-दोनशे वर्षं जहाजावरच्या माणसाचं नाव होता. इथे सगळे यूल-बर्नेलचा हवाला देतात आणि आमच्या आसगावात जन्मलेल्या मोन्सेनोर दालगादोंना विसरतात. त्यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दांचा कोश १९१९ आणि १९२१ साली दोन खंडांत निघाला. गोव्यात बसून शब्दांवर बोलणाऱ्याने आधी तो उघडला पाहिजे.

पण खरा आनंद सारंगात आहे. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, लहान गलबताचा प्रमुख. संस्कृतप्रेमी मंडळी इथे हरीण, चातक, धनुष्य, राग सगळं आणतात. अहो, नांगर उचलायला लावणाऱ्या माणसाला हरणाचं नाव कोण देईल? संस्कृत सारंग कुठे शोधायचा तर हवाई दलात शोधा. त्यांच्या हेलिकॉप्टर कवायतीच्या पथकाचं नाव सारंग आहे, आणि तो मोर आहे. खलाशांचा सारंग फारसी 'सरहंग'वरून आला. सरहंग म्हणजे सेनानायक, आणि इराणच्या सैन्यात आजही सरहंग म्हणजे कर्नल!

शिवाजी महाराजांच्या आरमारातला 'दर्यासारंग' आठवा. दर्या फारसी, सारंग फारसी. माझं मत असं आहे की मागे दर्या जोडावा लागला तो याचसाठी, की नुसता सरहंग म्हटलं तर लोकांना जमिनीवरचा अधिकारी दिसला असता. एका मित्राला हे मान्य नाही. तो म्हणतो दर्या हे नुसतं भूषण आहे. मग त्याने मला सांगावं की पुढे शब्द समुद्रावर पक्का रुजल्यावर दर्या गळून नुसता सारंग कसा उरला. तीन वर्षं झाली, त्याचं उत्तर आलेलं नाही.

आणि कान्होजी आंग्र्यांचा 'सरखेल'? आज सरखेल म्हटलं की डोळ्यांपुढे गुराबा आणि गलबतं येतात. पण अरबीत खैल म्हणजे घोडे. दिल्लीच्या सुलतानी फौजेत सरखेल हा दहा स्वारांवरचा नायक असल्याचं त्या काळच्या इतिहासकार बरनीने लिहून ठेवलं आहे. दहा घोड्यांचा मालक कुलाब्याला येऊन अख्ख्या आरमाराचा धनी झाला. आरमार हा शब्द पुन्हा पोर्तुगीज 'आर्मादा'चा. आपल्या घरचे शब्द म्हणाल तर तारू आणि तांडेल. गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात तो त्याच तारवावरचा, आणि ट्रॉलरवर आजही शेवटचा शब्द तांडेलाचा असतो.

तर सरखेल घोडदळातून आला, सारंग आणि लस्कर फौजेतून. समुद्रावरच्या हुद्द्यांची निम्मी नावं पायदळाने आणि घोडदळाने पुरवली आहेत. सलूनमधल्या भांडणात हा मुद्दा अजून कोणी काढलेला नाही.

काका कॅप्टन म्हणून निवृत्त झाले असतील, ताई, तर आणखी एक सांभाळा. नौदलाचा कॅप्टन हा भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो. भूदलाचा कॅप्टन त्याच्या तीन पायऱ्या खाली. नुसतं 'कॅप्टन' म्हटलंत तर लोक त्यांना पंचविशीतला पोरगा समजतील, म्हणून 'नौदलाचे कॅप्टन' असं पूर्ण म्हणा. आणि कर्नलची बरोबरी म्हणजे फारसीत सरहंग, तेव्हा काका शब्दाच्या मूळ अर्थाने सारंग आहेत. हे त्यांना जरूर सांगा.

हसणाऱ्या सुभेदारांना विचारा, सुभा कुठला? मल्हारराव होळकर माळव्याचे सुभेदार होते.