पडद्यावरचे घड्याळ मागे का पडते?

प्रश्न : मी सराव परीक्षेचे वेबपान तयार केले आहे. १८०० सेकंद एका व्हेरिएबलमध्ये ठेवून ‘सेटइंटर्व्हल’ या ठरावीक अंतराने कोड चालवणाऱ्या टायमरने दर १००० मिलिसेकंदांनी त्यातून एक वजा करतो. विद्यार्थी दुसऱ्या टॅबवर बराच वेळ राहून परतला, की घड्याळ मागे पडलेले असते. दर १०० मिलिसेकंदांनी एक दशांश सेकंद वजा करून पाहिले, तर ते अधिकच मागे पडले. असे का होते?

उत्तर : टायमर बिघडलेला नाही, आपण त्याच्याकडून काळ मोजून घेत आहात आणि ते त्याचे काम नव्हे. आपण दिलेल्या १००० या आकड्याचा अर्थ ‘किमान इतक्या वेळाने हे फंक्शन, म्हणजे कोडचा हा तुकडा, रांगेत लावा’ एवढाच असतो. पानाचा कोड, क्लिकला द्यायचा प्रतिसाद आणि पडद्यावरचे बहुतांश रेखाटन एकाच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामे करणाऱ्या एकाच रांगेत, चालत असल्यामुळे एखादे काम रेंगाळले, की टायमरच्या फंक्शनला थांबावेच लागते. त्यात टॅब नजरेआड असताना वीज वाचवण्यासाठी ब्राउझर टायमर साधारणपणे सेकंदाला एकदाच चालू देतात, म्हणून आपली दशांशाची वजाबाकी दहापट मंदावली. क्रोमने २०२१ मध्ये, ८८व्या आवृत्तीपासून, आणखी कडक नियम आणला : पान पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेले आणि निःशब्द असेल, तर असे टायमर मिनिटाला एकदाच तपासले जातात. दहा मिनिटे बाहेर राहिलेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे जवळपास पाच मिनिटे फुकट मिळतात.

तेव्हा वजाबाकी मोजणीची नको, वेळेची हवी. परीक्षा सुरू होताच समाप्तीची वेळ नोंदवून ठेवावी आणि टायमर चालेल तेव्हा तीतून ‘डेट.नाऊ’ने मिळणारी चालू वेळ वजा करून उरलेला वेळ दाखवावा. मधले दोनशे ठोके हुकले तरी पुढचा ठोका बरोबर आकडा दाखवतो. टॅब झाकला किंवा पुन्हा दिसू लागला, की ब्राउझर कळवतो त्या ‘व्हिजिबिलिटीचेंज’ या घटनेवरही हेच फंक्शन बोलवावे, म्हणजे टॅबवर परतताच आकडा सुधारेल. वेळ संपल्यावर ‘क्लिअरइंटर्व्हल’ने टायमर बंद करणे मात्र अनेकांकडून राहते.

संगणकाचे घड्याळ मागे करणाऱ्या चतुर विद्यार्थ्यापुढे ‘डेट.नाऊ’ फसते. पान उघडल्यापासूनचा वेळ सांगणारे ‘परफॉर्मन्स.नाऊ’ त्या बदलाला बधत नाही, पण काही प्रणालींवर संगणक झोपेत गेल्यावर तेही थांबते. त्यामुळे गुण मोजायचे असतील, तर उत्तरपत्रिका वेळेत आली की नाही, हे सर्व्हरनेच आपल्या घड्याळावरून ठरवावे.